बाळ गुटगुटीत आहे, मग एचआयव्हीची औषधं आत्ताच कशाला?

वाचक आईचं पत्र, थोडक्यात:

“मुलगा अडीच महिन्यांचा आहे. मला आठव्या महिन्यात एचआयव्ही निघाला, लगेच गोळ्या सुरू झाल्या. मिस्टरांनाही निघाला. बाळंतपण नाशिकला सरकारी दवाखान्यात झालं. बाळाला जन्मापासून दोन पातळ औषधं चालू आहेत. दीड महिन्याचा असताना टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले, तो रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. परत एकदा रक्त घेतलंय. एआरटी केंद्रातून (एचआयव्ही उपचार केंद्रातून) गोळ्यांच्या दोन बाटल्या आणि एक सिरप मिळालंय, पण चार दिवस झाले, बाटल्या तशाच आहेत. सासूबाई म्हणतात, पोरगं बघ कसं गुटगुटीत आहे, एवढ्याशा जिवाला असली औषधं देऊन लिव्हर खराब करायचं का, वर्षाचा होऊ दे. गावातले एकजण काढा देतो म्हणतात. अंगावरचं दूध बंद करू का? गोळी बाळाला देतात तरी कशी? लवकरच मला द्राक्षबागेत कामाला जावं लागेल, तेव्हा तो सासूबाईंकडे राहील. वजन ४ किलो ७०० ग्रॅम आहे. तो जगेल ना? – एक आई, निफाड तालुका”

ताई,

आधी थेट उत्तर देतो, कारण वेळ कमी आहे. बाटल्या आज उघडा. बाटलीवरचं आणि केंद्रातून मिळालेल्या हिरव्या पुस्तिकेतलं लिहिलेलं जुळतंय ना, तेवढं बघा आणि पहिला डोस द्या. जुळत नसेल तर केंद्रात फोन करून विचारा, पण आजच. गेलेल्या चार दिवसांसाठी स्वतःला बोल लावू नका. बाकीचं पत्र बाळाला औषध पाजून झाल्यावर वाचलंत तरी चालेल.

सासूबाईंच्या म्हणण्यामागे माया आहे आणि डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी आहे. मोठ्या माणसाला एचआयव्ही झाला तर औषधाशिवायही एड्सपर्यंत पोचायला साधारण आठ-दहा वर्षं जातात. गावात असा माणूस वर्षानुवर्षं धडधाकट हिंडताना दिसतो, म्हणून वाटतं की अंगावर दिसेपर्यंत आजाराची घाई नसते. बाळाचं तसं नाही. त्याची प्रतिकारशक्ती अजून घडत असते, विषाणूला आवर कसा घालायचा हे तिला माहीतच नसतं. पहिल्या दोन महिन्यांत एक मिली रक्तातला विषाणू काही लाखांवर जातो, कधी दहा लाखांच्याही पुढे. मोठ्या माणसात हा चढ काही आठवड्यांनी आपोआप उतरतो. बाळात तो महिनोन्‌महिने वरच राहतो, आणि तेवढा काळ सीडी४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), आतडी आणि वाढीच्या भरात असलेला मेंदू यांच्यावर मारा चालू असतो.

उपचार न मिळालेल्या बाळांपैकी साधारण एक तृतीयांश बाळं पहिल्या वाढदिवसाआधी आणि निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावतात, असं आफ्रिकेतल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केल्यावर दिसलं. त्यातही सगळ्यात धोक्याचा काळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपासचा. ‘वर्षाचा होऊ दे’ म्हणताना हेच महिने हातचे जातात. एवढं कडक लिहिताना आम्हालाही जड जातं, पण तुमच्यापासून हे लपवलं तर बाळाचंच नुकसान होईल.

‘पण तो तर गुटगुटीत आहे’ या शंकेचं उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या एका वैद्यकीय अभ्यासाने दिलंय. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. जोहान्सबर्ग आणि केप टाऊनमधली सहा ते बारा आठवड्यांची एचआयव्हीबाधित बाळं त्यात होती, आणि मुद्दाम अशीच निवडलेली की ज्यांची सीडी४ टक्केवारी चांगली, २५ किंवा त्याहून जास्त होती. म्हणजे तुमच्या बाळासारखीच, वरून ठणठणीत. एका गटाला लगेच औषध दिलं. दुसऱ्या गटाला डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवून, सीडी४ घसरला किंवा लक्षणं दिसली की औषध द्यायचं ठरलं. थांबलेल्या गटातली १६ टक्के बाळं गेली, लगेच औषध मिळालेल्या गटातली ४ टक्के. नियमित तपासण्या आणि तज्ज्ञ डॉक्टर हाताशी असूनही थांबणाऱ्यांना वेळेवर पकडता आलं नाही, कारण या वयात बाळ खालावतं ते काही दिवसांत. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी सल्ला बदलला: वर्षाखालच्या बाधित बाळाला सीडी४ कितीही असो, लगेच उपचार. आज आपल्याकडे तर बाधित आढळलेल्या प्रत्येकाला, वय आणि सीडी४ न बघता, उपचार सुरू करतात.

आता लिव्हर. सासूबाईंना सांगा, ही मोठ्यांची औषधं फोडून दिलेली नाहीत. बाळांसाठी वेगळ्या ताकदीच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या बनतात आणि डोस वजनावर ठरतो. तुमच्या बाळाच्या वजनाला एका बाटलीत बहुधा अबाकाविर-लॅमिव्हुडिन आणि दुसरीत डोल्युटेग्राविर १० मिलिग्रॅम असेल. हे डोल्युटेग्राविर चार आठवड्यांवरच्या आणि ३ किलोवरच्या बाळाला देता येतं, तुमचं बाळ दोन्हीत बसतं. यकृताची तपासणी, म्हणजे एसजीपीटी, आणि हिमोग्लोबिन केंद्रात होत राहील. यकृताला खरा धोका आहे तो कशाकशाचं मिश्रण केलंय ते माहीत नसलेल्या काढ्याचा. त्यात भस्म असेल तर जड धातू एवढ्या लहान जिवाच्या पोटात जातात. तो काढा नको, अगदी ‘सोबत देऊ’ म्हणूनही नको. बाळघुटीही नको.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने आम्ही थबकलो. ‘जन्मापासून दोन पातळ औषधं चालू आहेत.’ ती नेविरापिन आणि झिडोव्हुडिन असणार. तुमचं निदान उशिरा झालं म्हणून बाळाला लागण होऊ नये यासाठी दिलेली प्रतिबंधक औषधं. अंगावर पिणाऱ्या, जास्त धोक्यातल्या बाळाला ती बारा आठवडे देतात, म्हणून घरात अजून शिल्लक असतील. लागण झाल्यावर त्यांचं काम संपलं. नवीन गोळ्या सुरू केल्या त्या दिवसापासून ती दोन्ही बंद करायची असतात. केंद्रात तसं सांगितलं असेलच, तरी फोनवर खात्री करून घ्या. दोन्ही चालू ठेवल्याने दुप्पट फायदा होत नाही. उलट, नेविरापिन चालू असताना लागण झाली की बाळातला विषाणू बऱ्याचदा त्या औषधाला आधीच निर्ढावलेला असतो. उपचारात डोल्युटेग्राविरसारखं वेगळ्या जातीचं औषध निवडतात ते याचसाठी. एक सिरप मात्र चालूच ठेवायचं, त्याकडे खाली येतोच.

दुसऱ्या रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. तो नमुना खात्रीसाठी आहे. उलट काही आलंच तर पुन्हा तपासून काय करायचं ते केंद्र ठरवेल. तुम्ही आपणहून औषध थांबवू नका.

गोळी पाजायची कशी

४.७ किलो वजन ३ ते ५.९ किलोच्या गटात येतं. अबाकाविर-लॅमिव्हुडिनच्या बाटलीवर १२०/६० लिहिलं असेल तर दिवसातून एकदा एक गोळी. ६०/३० लिहिलं असेल तर सकाळी एक आणि संध्याकाळी एक. डोल्युटेग्राविर १० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, दिवसातून एकदा. पुस्तिकेत वेगळं लिहिलेलं दिसलं तर मनाने ताळमेळ घालू नका, केंद्राला विचारा.

गोळीवर मधोमध खाच असते, तिथेच दोन्ही अंगठ्यांनी मोडा, सुरीने कापू नका. उरलेली अर्धी बाटलीत टाकून दुसऱ्या दिवशी तीच आधी वापरा. हात धुवा. लहान स्टीलच्या वाटीत उकळून गार केलेलं पाणी दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिलीच्या आसपास घ्या. दोन्ही गोळ्या एकाच वाटीत टाकल्या तरी चालतात. वाटी हलकेच फिरवत राहा, तळाला गोळा उरला नाही असं दिसेपर्यंत. पाणी पूर्ण नितळ होणार नाही, गढूळ दिसेल, ते बरोबर आहे. अर्ध्या तासाच्या आत पाजून संपवा. सकाळी भिजवून ठेवून दुपारी द्यायचं, असं नाही.

बाळाला मांडीवर डोकं उंच राहील असं धरा. आडवं पाजलं तर ठसका लागतो. सुई नसलेली सिरिंज असेल तर उत्तम, नसेल तर चमचा किंवा बोंडलं. थेट घशात नाही, गालाच्या आतल्या बाजूला, एका वेळी थोडंसं, गिळलं की पुढचं. नाक दाबून पाजू नका. शेवटी वाटीत चमचाभर पाणी घालून विसळा आणि तेही पाजा, कारण तळाशी चिकटलेल्या पांढऱ्या थरात औषध असतं. बऱ्याच घरांत डोस कमी पडतो तो नेमका इथे: वाटी रिकामी दिसते, आणि औषध घासणीबरोबर मोरीत जातं. बाटलीभर दुधात गोळी विरघळवण्याचा मोहही टाळा, बाळाने अर्धं दूध टाकलं तर अर्धा डोस गेला.

पाजल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर पूर्ण डोस पुन्हा द्या. त्यानंतर उलटी झाली तर नको. एखाद्या दिवशी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा द्या. पुढच्या डोसला चार तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तरच तो सोडून द्या. दोन डोस एकदम कधीच नाही. बाटलीत ओलावा शोषणारी पुडी असते ती तशीच राहू द्या, आणि बाटली चुलीजवळच्या फडताळात ठेवू नका.

एक छोटी पण महाग पडणारी गोष्ट: कॅल्शियम आणि लोह पोटात डोल्युटेग्राविरला धरून बसतात आणि ते अंगी लागत नाही. खाजगी डॉक्टरांनी कॅल्शियमचं सिरप किंवा लोहाचे थेंब दिले असतील तर डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी तरी द्या, नाहीतर सहा तासांनंतर. अंगावरच्या दुधाची मात्र अडचण नाही. आकडीची काही औषधं आणि टीबीचं रिफॅम्पिसिन यांच्यामुळेही रक्तातलं डोल्युटेग्राविर कमी होतं. रिफॅम्पिसिन चालू असेल तर ते दिवसातून दोनदा द्यावं लागतं. म्हणून बाळाला कुठल्याही डॉक्टरकडे नेताना हिरवी पुस्तिका दाखवा.

केंद्रात दुसरं औषध, लोपिनाविर-रिटोनाविर, दिलं असेल तर पद्धत बदलते. सिरप फार कडू असतं, ते अन्नाबरोबर म्हणजे या वयात दुधाबरोबर देतात आणि थंड जागी ठेवावं लागतं. कॅप्सूलमधले दाणे असतील तर ते चुरायचे नाहीत. तसं असेल तर पाजायची पद्धत समुपदेशकांकडून प्रत्यक्ष बघून घ्या.

वजन वाढलं की डोस वाढतो

या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर निवडायचा झाला तर आम्ही हा निवडू. औषध सुरू झालं की बाळ भराभर अंग धरतं, आणि सहा महिन्यांपूर्वीचं अंगडं जसं बसत नाही तसा जुना डोसही पुरत नाही. ६ किलो गाठले की ३ ते ५.९ चा गट संपला: ६ ते ९.९ किलोला १२०/६० ची दीड गोळी, आणि डोल्युटेग्राविर अर्ध्यावरून एकदम दीड गोळी. १० ते १३.९ किलोला दोन्हींच्या दोन-दोन. डोल्युटेग्राविरची ही उडी तिप्पट आहे, लक्षात घ्या. तुमचं बाळ बहुधा येत्या दोन-तीन महिन्यांत ती रेषा ओलांडेल. कमी डोस रोज पोटात जाणं हे विषाणूला औषध ओळखायला शिकवण्यासारखं आहे, आणि त्याने ओळखलं की ते औषध बाळासाठी वाया जातं.

म्हणून प्रत्येक महिन्याला औषध न्यायला जाताना बाळाला बरोबर न्या. मिस्टरांनी कामावरून येता येता एकट्याने बाटल्या आणल्या, असं करू नका. वजन काट्यावर कपडे काढून, आणि आकडा पुस्तिकेत तुमच्या डोळ्यांदेखत लिहिलेला. अंगणवाडीत मधल्या काळात ६ किलो दिसले तर पुढच्या तारखेची वाट न बघता केंद्रात फोन करा.

सिरपची बाटली

ते कोट्रायमोक्साझोल असणार. बाटलीवर ५ मिलीत ट्रायमेथोप्रिम ४० मिलिग्रॅम असं असेल तर ५ किलोच्या आतल्या बाळाला रोज एकदा २.५ मिली, ५ ते १० किलोला ५ मिली. बाटली दर वेळी नीट हलवा, नाहीतर वरचं पातळ आधी जातं आणि तळाचं घट्ट शेवटी. घरातल्या चमच्याने अंदाजे देऊ नका, झाकणावरचं माप किंवा सिरिंज वापरा.

हे कशासाठी? न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीने होणारा न्यूमोनिया तीन ते सहा महिन्यांच्या बाधित बाळांना गाठतो. ताप बेताचा किंवा नाहीच, खोकला किरकोळ, पण धाप एवढी की एक-दोन दिवसांत ऑक्सिजन लागतो. हे सिरप तो रोखतं. ‘साधं सिरप’ म्हणून ते विसरलं जातं. तसं होऊ देऊ नका. एचआयव्हीच्या गोळ्या लागू पडल्या तरी निदान पाच वर्षांचा होईपर्यंत ते चालू राहतं.

दूध

बंद करू नका. बाळाला लागण झालेली असताना अंगावरचं दूध तोडून त्याचा काही लाभ नाही, नुकसान मात्र मोठं आहे: जुलाब, न्यूमोनिया, वजन घटणं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं, मग वरचं अन्न जोडून दोन वर्षांपर्यंत. फक्त अंगावरचं म्हणजे पाणी, घुटी, म्हशीचं पातळ केलेलं दूध यातलं काहीच नाही. औषधापुरतं पाणी चालतं. दुसरा रिपोर्ट येईपर्यंत तर वरचं दूध मुळीच मिसळू नका. तुमच्या स्वतःच्या गोळ्याही एक दिवस चुकवू नका. बाळाची आई तब्येतीने टिकली पाहिजे.

बागेत जायला लागाल तेव्हा निघण्यापूर्वी पाजा, दूध काढून झाकणाच्या स्वच्छ भांड्यात ठेवा, आणि सासूबाईंना ते चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजायला सांगा. उन्हाळ्यात त्याहून कमी वेळ धरा. बागेत फवारणी झाली असेल तर घरी आल्यावर हातपाय धुऊन, लुगडं बदलून मगच बाळाला घ्या. गोळ्यांची वेळ तुमच्या हातात राहील अशी ठरवा. एकदाच द्यायच्या असतील तर रात्री आठची वेळ चांगली, थिनिंगच्या (घड विरळ करण्याच्या) घाईतही तोवर तुम्ही घरी असता. दोनदा असतील तर सकाळी सात आणि संध्याकाळी सात. मोबाइलवर गजर लावा. माहेरी जाताना बाटल्या आधी पिशवीत, मग कपडे.

काय झालं तर काय

सुरुवातीचे काही दिवस शी पातळ होणं, झोप मोडणं, थोडी किरकिर हे होतं आणि जातं. त्यासाठी औषध थांबवू नका. अबाकाविरचं एक मात्र वेगळं आहे. पहिल्या सहा आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब, खोकला यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम आल्या आणि प्रत्येक डोसनंतर वाढत गेल्या, तर त्याच दिवशी केंद्रात किंवा सिव्हिलला जा. ही प्रतिक्रिया क्वचित येते. पण ती असल्याचं डॉक्टरांनी ठरवून अबाकाविर बंद केलं, तर ते पुन्हा कधीही द्यायचं नसतं, दुसऱ्यांदा दिलं तर जिवावर बेततं.

जन्मल्यावर डाव्या दंडाला बीसीजी टोचलं असेल. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ती जागा लाल होऊन सुजली किंवा डाव्या काखेत गाठ आली तर घाबरू नका. निजलेली प्रतिकारशक्ती जागी होते आणि लसीतल्या जंतूंवर तुटून पडते, म्हणून ती सूज. दाखवायला जा, पण गाठ कुणाकडून फोडून घेऊ नका आणि गोळ्या बंद करू नका. पुढच्या लसी वेळापत्रकाप्रमाणे द्यायच्या. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या आधी केंद्रात सीडी४ बघून विचारून घ्या.

रात्री-अपरात्री न थांबता दवाखान्यात न्यायचं ते केव्हा: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा, श्वास ५० किंवा जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, दूध ओढत नसेल, आकडी आली, किंवा बाळ उठवूनही उठत नसेल. एवढी घाई नसलेल्या, पण पुढच्या भेटीत सांगायलाच हव्यात अशा गोष्टी: जिभेवर पुसूनही न जाणारा पांढरा थर, दोन आठवड्यांहून लांबलेला जुलाब, महिनाभर न हललेलं वजन. आणि चौथा महिना संपत आला तरी मान न धरणं, किंवा आलेली गोष्ट विसरणं. विषाणू मेंदूला लागल्याची खूण बऱ्याचदा हीच असते, म्हणून डोक्याचा घेरही मोजून घ्या.

पुढची वाट, आणि दीड वर्षाचा फसवा रिपोर्ट

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू मोजण्याची तपासणी, होईल, मग बाराव्या महिन्याला, पुढे वर्षातून एकदा. १००० च्या खाली आला की औषध काम करतंय. बाळांचा आकडा मुळात फार वरून सुरू होतो, त्यामुळे खाली यायला मोठ्यांपेक्षा वेळ लागू शकतो. वर राहिला तर आधी डोस वजनाला जुळतो का, कोण पाजतं, किती सांडतं, हेच तपासतात, आणि बऱ्याचदा कारण तिथेच सापडतं. तिथे खरं सांगा. ‘रोज दिलं’ असं खोटं सांगितलं तर डॉक्टर नाहक औषध बदलतील. सीडी४ बघताना लक्षात ठेवा, बाळांचे आकडे मोठ्यांहून खूप जास्त असतात, त्यामुळे मोठ्यांच्या मापाने भरपूर वाटलेला आकडा बाळासाठी कमीही असू शकतो. पाच वर्षांखाली टक्केवारी बघतात.

आता एक सापळा. तुमच्या बाळाच्या रक्तात आत्ता तुमच्याकडून आलेली प्रतिपिंडं (विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं ती प्रथिनं) आहेत, ती दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. म्हणूनच दीड महिन्याला प्रतिपिंडं शोधणारी साधी किट तपासणी न करता कागदावरच्या थेंबांतून विषाणूच शोधला. इतक्या लवकर औषध सुरू झालेल्या बाळात पुढे असं होऊ शकतं की तुमची प्रतिपिंडं संपतात आणि त्याची स्वतःची तयारच होत नाहीत, कारण विषाणू आधीच दबलेला असतो. मग दीड वर्षाला कुणी किटवर तपासलं तर निगेटिव्ह येतं. घरात आनंदीआनंद होतो आणि गोळ्या बंद पडतात. तो निगेटिव्ह म्हणजे बरं होणं नव्हे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात २०१० मध्ये जन्मलेल्या एका बाळाला जन्मानंतर ३० तासांत औषध दिलं होतं. दीड वर्षाच्या सुमारास ते थांबलं, त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ विषाणू सापडला नाही, बरं झालं असं जगभर लिहिलं गेलं. २०१४ मध्ये विषाणू परत आला. तुमच्या बाळाचे दोन्ही रिपोर्ट जपून ठेवा आणि कुणी ‘पुन्हा किटवर बघू’ म्हणालं तर ते दाखवा.

तुम्ही विचारलंत, तो जगेल ना. वेळेवर सुरू झालं, रोज दिलं आणि डोस वजनाबरोबर वाढत गेला, तर बालवाडी, शाळा, कॉलेज, नोकरी हे सगळं त्याच्या वाट्याचं आहे. भारतात मुलांसाठी मोफत उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ च्या अखेरीस सुरू झाला. त्या काळात ज्यांची औषधं सुरू झाली त्यांच्यातली मुलं आज मोठी माणसं आहेत, काहींची लग्नं झाली आहेत. हे आजन्म औषध आहे, आणि ते सगळं सरकारी केंद्रात मोफत मिळतं.

राहिलं घरचं आणि बाहेरचं. कुणाला सांगायचं हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे, त्यातले थोडे अपवाद सोडले तर, संमतीशिवाय तुमची माहिती कुणीही बाहेर देऊ शकत नाही, दवाखानाही नाही. नाशिकला दर महिन्याला येणं जड जात असेल तर बाळ स्थिरावल्यावर जवळच्या लिंक एआरटी केंद्रातून (मोठ्या केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रातून) औषध मिळण्याबद्दल विचारा. त्याच वेळी बाल संगोपन योजना, संजय गांधी निराधार अनुदान आणि एसटी प्रवासाची सवलत यांचे अर्ज समुपदेशकांकडून समजून घ्या. रात्री काही विचारावंसं वाटलं तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, नाव सांगावं लागत नाही.

पहिली फेरतपासणी साधारण पंधरा दिवसांनी असते. त्या दिवशी दोन्ही बाटल्या उरलेल्या गोळ्यांसकट, सिरप आणि पुस्तिका घेऊन जा, आणि सासूबाईंनाही बरोबर न्या. समुपदेशकांसमोर त्यांच्याच हातून एकदा गोळी मोडून, विरघळवून, वाटी विसळून पाजून घ्या, म्हणजे बागेच्या दिवसांत तुम्हाला उशीर झाला तरी डोस चुकणार नाही.